३.५ लिटर गुणिले ३०.१३: पावतीवर १०५.४५, आक्कांच्या नातीच्या हिशोबात १०५.४६

रहिमतपूरकर

मंडळी, प्रश्न अर्ध्या पैशाचा आहे. पण त्यापायी गेले आठ दिवस डेअरीसमोरून जाताना मी गाडी दामटतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रहिमतपूरच्या पुढं आमचं गाव. तिथल्या दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर मी लिहून दिलंय, तेही पैसे घेऊन. त्यामुळं 'हौसेचं काम होतं' म्हणून अंग काढून घेता येत नाही. २१४ उत्पादक, सकाळ-संध्याकाळ संकलन, दर दहा दिवसांनी बिल. काटा आणि फॅट मशीन केबलनं कॉम्प्युटरला जोडलेत. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) आलं की दरपत्रकातून दर निघतो, गुणाकार होतो, पावती बाहेर येते. काउंटरवरचा भाग जावास्क्रिप्टमध्ये, बिलाचा भाग पायथनमध्ये, खाली एसक्यूलाइट डेटाबेस.

आमच्या शेजारी एक आक्का आहेत. एक जर्शी गाय, वेळेला तीन-साडेतीन लिटर घालतात. पावत्या दाराशेजारच्या तारेला टोचून ठेवतात. थर्मल कागदावरचे आकडे उडतात म्हणून आठवीतली नात ते वहीत उतरवते. मागच्या बिलाला वहीतल्या वीस पावत्यांची बेरीज आली २१४८.५२. माझ्या बिलावर २१४८.४८. चारच पैसे, पण आम्ही बिल पूर्ण रुपयात देतो. म्हणजे वहीप्रमाणं २१४९ आणि बिलाप्रमाणं २१४८. आक्का भर रांगेत म्हणाल्या, "रुपयाचं काय न्हाय रं. पर त्यो मशीन खातंय का तू, तेवडं सांग."

ते कमी होतं म्हणून नातीनं पावत्याच तपासायला घेतल्या. ३.५ लिटर, दर ३०.१३. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर १०५.४५५. पावतीवर १०५.४५. "पाच आला की वर घ्यायचं, आम्हाला बाईंनी शिकवलंय." मी म्हटलं, मशीनच्या स्क्रीनवर बघू. स्क्रीनवर गुणाकार बरोब्बर १०५.४५५ दिसतोय आणि त्याच आकड्याला टू-फिक्स्ड (ठरावीक दशांश स्थळांपर्यंत गोल करणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) लावलं की १०५.४५! मी तिच्यासमोर तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

मग उत्साहाच्या भरात आणखी एक सापडलं. २.५ लिटर, दर ३०.०५, म्हणजे ७५.१२५. जावास्क्रिप्ट म्हणतं ७५.१३, पायथनचा राउंड म्हणतो ७५.१२.

नेटवर कुणी म्हणतं शंभरनं गुणून राउंड करा, परत शंभरनं भागा. ते केल्यावर नातीची पावती सुधारली. पण १.००५ टाकून बघितलं तर तिथं १.०० च येतंय. कुणी म्हणतं गोल करण्याआधी बारीकसं काहीतरी मिळवा. हे म्हणजे अंगारा लावण्यातला प्रकार वाटतोय. नक्की काय करायचं? सेक्रेटरी म्हणतात, "तुझं तू निस्तर, नाहीतर जुनी वही परत काढू."

विटेकर_पुण्यात

भावा, सगळ्यात आधी नातीला सांग की ती बरोबर आहे.

स्क्रीनवर १०५.४५५ दिसतंय ते कॉम्प्युटरनं तुझ्यासाठी नीटनेटकं करून दाखवलेलं रूप. आत जे बसलंय ते साधारण १०५.४५४९९९९९९९९९९९८३ असं आहे. टू-फिक्स्डनं आतला आकडा बघितला, तो अर्ध्याच्या किंचित खाली आहे, म्हणून खाली आणला. आपल्याला दशांशात १/३ लिहिता येत नाही, ०.३३३ करत बसावं लागतं. कॉम्प्युटर द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून मोजतो, त्याला १/१० लिहिता येत नाही. १९८५ च्या आयट्रिपलई ७५४ मानकाप्रमाणं डबलला (टिंबाचे आकडे ठेवायचा नेहमीचा प्रकार, यालाच सरसकट फ्लोट म्हणतात) अंकांसाठी ५३ बिट, म्हणजे द्विमान अंक, मिळतात. तेवढ्यात जवळात जवळचा जो आकडा बसेल तो बसवतात. ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते ती यामुळंच, त्यात जावास्क्रिप्टचा वेगळा काही दोष नाही. शंभरनं गुणल्यावर तुझी पावती सुधारली तो नशिबाचा भाग. गुणाकार करताना उरलेली चूक पुन्हा गोल झाली आणि नेमकी १०५४५.५ वर येऊन बसली. १.००५ ला नशीब नव्हतं, ते १००.४९९९९९९९९९९९९९ वर अडकलं.

७५.१२५ चं प्रकरण वेगळं. हा आकडा द्विमानात अगदी अचूक बसतो, कारण ०.१२५ म्हणजे १/८. तिथं फ्लोटची चूक शून्य, भांडण नियमाचं आहे. पायथन ३ चा राउंड बरोबर अर्धा आला की सम अंकाकडं जातो, म्हणून ७५.१२. जावास्क्रिप्टचं टू-फिक्स्ड अशा वेळी मोठा आकडा घेतं. दोघं आपापल्या जागी बरोबर आहेत. तू दोघांना एकाच घरात नांदायला लावलंस.

उपाय: पायथनमध्ये डेसिमल (दशांशातच हिशोब करणारा प्रकार) वापर, पण आकडा अवतरणचिन्हात, मजकूर म्हणून दे. डेसिमलला थेट ३०.१३ हा फ्लोट दिलास तर तो घाण सोबत घेऊनच आत येतो. आम्ही जावावाले बिगडेसिमलशी हाच खेळ खेळतो. शिवाय तिथं तुलना करायच्या दोन फंक्शनपैकी इक्वल्सला २.० आणि २.०० वेगवेगळे वाटतात, कंपेअर-टू ला सारखे. त्यावर माझा एक शनिवार गेलाय.

आणि मधे कुठंही गोल करू नकोस. पूर्ण अचूकता ठेव, शेवटी बिलावर एकदाच गोल कर. मधे मधे कापत गेलं की काय होतं ते व्हँकुव्हरच्या शेअर बाजारानं बघितलंय. १९८२ ला निर्देशांक १००० वर सुरू केला, प्रत्येक वेळी तिसऱ्या दशांशानंतरचं छाटत गेले. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ च्या आसपास घसरला. नीट मोजल्यावर निघाला १०९८.

कराडची_ऑडिटवाली

विटेकर, बाकी सगळं मान्य, शेवटचा परिच्छेद अमान्य.

मी ऑडिट करणाऱ्या ऑफिसात बसते, वर्षाला चाळीसेक संस्थांच्या वह्या डोळ्याखालून जातात. 'मधे गोल करू नका' हे प्रयोगशाळेत ठीक. इथं मधला आकडा छापून माणसाच्या हातात गेलाय. आक्कांच्या तारेवर १०५.४६ टोचलेलं असेल आणि तुमच्या पोटात १०५.४५५ असेल, तर वीस पावत्यांनंतर बेरीज जुळणार नाहीच. ती जुळत नाही म्हणून तर हे भांडण लागलंय. रहिमतपूरकर, तुमच्या पायथननं गोल न केलेल्या रकमांची बेरीज घेतली ना? चार पैसे तिथले आहेत.

पावती फाटली की व्यवहार झाला. बिल म्हणजे पावत्यांची बेरीज, त्यापलीकडं काही नाही. बिलानं पुन्हा लिटर गुणिले दर करायचं कामच काय?

मग पूर्ण रुपयाचं काय? जीएसटीत तो प्रश्न कलम १७० नं सोडवलाय: पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर रुपया वर, कमी असतील तर सोडून द्या. ते कर भरण्यापुरतं आहे, दूध बिलाला ते लागू होत नाही, पण सभासदांना समजायला सोपा नियम तोच. आणि गोल केल्यावर जे पैसे मागंपुढं होतात त्यांना खात्यात जागा द्या. 'राउंड ऑफ' नावाचं खातं नसलं की तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा) जुळवताना कारकून तो फरक किरकोळ खर्चात कोंबतात, आणि मार्चमध्ये आम्ही तो उकरत बसतो.

विश्रामबागचे_काका

वयानं मोठा आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नये.

तुझा किस्सा वाचून मला माझा आठवला. व्हीबी सिक्स या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या दिवसांत सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत्यांसाठी मी पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशोबाचा, प्रोग्रॅम विकायचो. व्हीबीत करन्सी नावाचा प्रकार होता. आतून तो ६४ बिटांचा पूर्णांक, चार दशांश स्थळं धरून दहा हजारानं गुणलेला. म्हणजे फ्लोटची भानगड मुळातच नाही. मी निर्धास्त. एक दिवस पट्टी आणि खतावणीत (खातेवहीत) पैशाचा फरक. रात्री दोन वाजेपर्यंत अडत्याच्या गादीवर बसून पट्ट्या चाळल्या, बाहेर हमाल झोपलेले, आत हळदीचा खकाणा, शिंकून शिंकून बेजार. निघालं काय, तर पट्टी छापताना मी फॉरमॅट वापरलेलं आणि खतावणीत टाकताना राउंड. व्हीबीचं फॉरमॅट अर्ध्याला वर नेतं, व्हीबीचा राउंड समाकडं जातो. तुझं ७५.१२५ अगदी तेच. एक्सेलमध्येही हा डाव अजून आहे: शीटमधलं राउंड अर्ध्याला वर नेतं, मॅक्रोतलं राउंड समाकडं. तुझ्या सेक्रेटरीनं एक्सेलमध्ये पडताळा घेतला तर तिसरं उत्तर मिळायला नको.

आता तुझ्या मशीनकडं येऊ. मला सांग, काटा तुला काय पाठवतो? केबलमधून अक्षरं येतात. तीन, टिंब, पाच. आकडा तिथं शंभर टक्के शुद्ध आहे. तू तो पार्स-फ्लोटमध्ये (मजकुराचा फ्लोट करणारं फंक्शन) घातलास तिथं घोटाळा सुरू झाला. दरपत्रकातला दरही कुणीतरी बोटानं टाइप केलेला, तोही शुद्ध. दोन शुद्ध गोष्टी घेऊन तू मधे फ्लोटचं पाणी घातलंस. दुधात घातलेलं पाणी मशीन पकडतं, हे नाही पकडत.

टिंब काढून टाक. ३.५ चे झाले ३५, ३०.१३ चे झाले ३०१३. ३५ गुणिले ३०१३ म्हणजे १०५४५५. हे रुपयाचे हजारावे भाग. पाच मिळव: १०५४६०. दहानं भाग, बाकी फेकून दे: १०५४६ पैसे. नातीचं उत्तर. दुसरं: २५ गुणिले ३००५ म्हणजे ७५१२५, पाच मिळवून ७५१३०, दहानं भागून ७५१३ पैसे. सगळा पूर्णांकांचा खेळ, आता जावास्क्रिप्ट असो की पायथन, उत्तर एकच. फक्त जावास्क्रिप्टमध्ये भागल्यावर फ्लोअर करायला, म्हणजे खालचा पूर्णांक घ्यायला विसरू नको, ते आपणहून बाकी टाकत नाही. आणि ३.५० असं दोन स्थळांचं वजन आलं तर ३५० होतील, मग भाजकही बदलेल. किती स्थळं येतात ते काट्याच्या माहितीपत्रकात बघून पक्कं कर, अंदाजानं नको.

मावणार का, ही भीती नको. जावास्क्रिप्टमध्ये २ चा ५३ वा घात येईपर्यंत पूर्णांक अचूक राहतात. पैशात धरलं तरी ते नव्वद लाख कोटी रुपये होतात. आख्खा कोरेगाव तालुका सात पिढ्या दूध घालत राहिला तरी भरायचा नाही.

एसक्यूलाइटचंही सांगतो. तिथं तू कॉलमला डेसिमल असं नाव देतोस आणि ते गपचूप फ्लोट म्हणून ठेवतं, कारण त्याच्याकडं तो प्रकारच नाही. तिथं पैसे पूर्णांकात ठेव. उद्या मायएसक्यूएलवर गेलास तर डेसिमल खरंच डेसिमल आहे, पण कुणी फ्लोट म्हणालं तर हात जोड. साधा फ्लोट १२,३४,५६७.८९ च्या जागी १२,३४,५६७.८७५ धरून बसतो.

जाता जाता एक गंमत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. १/१६ आणि १/६४. हे दोन्ही द्विमानात नेमके बसतात! पावकी, निमकी, सवायकी, औटकी म्हणणाऱ्या पोरांचे अपूर्णांक फ्लोटला एका पैशानंही चुकले नसते. (पै मात्र रुपयाचा १/१९२, तिथं तीनाचा भाग आडवा येतो.) तुझे साडेतीन लिटर, म्हणजे औट, हा आकडा कॉम्प्युटरात तंतोतंत आहे. नडला तो ३०.१३ चा दर.

विटेकर_पुण्यात

काका, दंडवत. ताईंचंही पटलं, दुधाच्या बाबतीत माघार घेतो. पण हा नियम उचलून पतसंस्थेच्या व्याजाला लावू नका कुणी. एक लाखावर ७ टक्के दरानं रोजचं व्याज १९.१७८०८... रोज पैशात गोल करून १९.१८ जमा केलं तर ३६५ दिवसांत ७०००.७० होतात. हवेत ७०००.

विश्रामबागचे_काका

बरोबर. म्हणून तर पतसंस्थेतले जुने कारकून रोज भागत नव्हते. रोजची शिल्लक गुणिले दिवस, अशी बेरीज लावत जायचे, त्याला ते 'प्रॉडक्ट काढणं' म्हणायचे. सहामाहीला त्या बेरजेला दरानं गुणून ३६५०० नं एकदाच भागायचं. भागाकार शेवटी, गोल शेवटी. तिथं सभासदाच्या हातात रोजची पावती जात नाही, म्हणून ते चालतं.

रहिमतपूरकर

काका, ताई, विटेकर, सगळं बसवलं. रविवार त्यातच गेला.

काट्याकडून आलेल्या मजकुरातलं टिंब काढून पूर्णांक. गोल करायचं एकच फंक्शन. पायथन आता गुणाकार करतच नाही, पावतीवरचे पैसे उचलतो आणि बेरीज करतो. काउंटरकडून पायथनकडं रक्कमही पैशात जाते, टिंब फक्त छापताना लागतं. 'राउंड ऑफ' खातं उघडलं. बिलात रुपयाखाली उरलेले पैसे आता पुढच्या बिलात ओढतो. सेक्रेटरींनी ते मासिक सभेत ठराव म्हणून लिहून घेतलं. अध्यक्षांनी विचारलं, "पन्नास पैशासाठी ठराव?" सेक्रेटरी म्हणाले, "पन्नास पैशासाठीच लागतो, हजारासाठी माणसं भांडत न्हाईत."

मागच्या तीन महिन्यांच्या पावत्या नव्या फंक्शनमधून काढल्या. दरपत्रकात विषम पैशाचे दर मोजकेच आहेत आणि अर्धा पैसा येतो तोही विषम दराला अर्ध्या लिटरची, नाहीतर पाच पैशावर संपणाऱ्या दराला विषम दशांश लिटरची जोड मिळाली तर, त्यामुळं चुकलेल्या पावत्या थोड्याच निघाल्या. पण त्यात आक्कांच्या नेहमी निघणार, कारण त्यांची किटली साडेतीनाची. आक्कांना रुपया द्यायला गेलो तर म्हणाल्या, "पावती हाय का?" नव्हती. परत जाऊन छापून आणली.

आता नवीन लफडं. दिवाळीच्या आधी दर फरक (दिलेल्या दरावर नंतर मिळणारी वाढीव रक्कम) वाटायचा असतो. समजा हजार रुपये सात जणांत सारखे. १४२.८६ प्रमाणं दिले तर २ पैसे जास्त जातात, १४२.८५ प्रमाणं दिले तर ५ पैसे उरतात. कुणाला द्यायचे?

कराडची_ऑडिटवाली

आधी सगळ्यांना खालचा आकडा द्या, १४२.८५. मग उरलेले पैसे एकेक करून वाटा, ज्याचा छाटलेला तुकडा मोठा त्याला आधी. खऱ्या वाटपात हिस्से लिटरप्रमाणं असतात, त्यामुळं तुकडे सहसा वेगवेगळे निघतील. अगदी सारखे निघाले तर सभासद क्रमांकानं. कसंही करा, पण दरवेळी तेच करा आणि वाटलेल्याची बेरीज मूळ रकमेशी जुळतेय का ते प्रोग्रॅमलाच तपासायला लावा. जुळली नाही तर बिल छापूच देऊ नका.

रहिमतपूरकर

ताई, हे उत्तम. आणि हे लिहिता लिहिता आणखी एक सापडलं, ते इथंच टाकतो.

काल संध्याकाळी काउंटरवरच्या पोरानं चुकून आक्कांच्या खात्यावर दुसऱ्याचं दूध टाकलं. पावती रद्द केली. रद्द करताना माझा कोड वजा लिटर घेऊन पुन्हा तोच हिशोब करतो. उणे १०५४५५, त्यात पाच मिळवले की उणे १०५४५०, दहानं भागून उणे १०५४५. जाताना १०५.४६ गेले, येताना १०५.४५ आले. खात्यावर एक पैसा उरला, आणि तो यावेळी आक्कांच्या बाजूनं आहे, त्यामुळं कुणी तक्रारही करणार नाही.

विश्रामबागचे_काका

रद्द करताना हिशोब करायचाच नाही. मूळ पावतीवरचा आकडा उचल, चिन्ह उलटं कर आणि लिही. आणि तो पैसा आज रात्री काढून टाक, नात वही उघडायच्या आत.